डावीकडे ओढणारी जीप

कर्जतजवळच्या कोंडाणे गावच्या रोहिदासची जीप डावीकडे ओढते, की रोहिदासचा हातच आता डावीकडे जातो, यावरून त्या उन्हाळ्यात गावात दोन तट पडले होते. एका तटात त्याची बायको सुनंदा एकटी. दुसऱ्या तटात बाकीचं सगळं गाव, पोटचा मुलगा देवेश, आणि दुर्दैवानं खुद्द रोहिदास.

खरं सांगायचं तर सुनंदाच्या बोलण्यातही फार राम नव्हता. भांडायची ती तावातावानं, पण मनातून तिचंही काही नक्की होत नव्हतं. नवऱ्यानं साठी ओलांडलेली. चष्मा करून आणला तर तो चार दिवस लावून देव्हाऱ्यात ठेवून दिलेला. चहाची बशी धरताना त्याचा हात थरथरतो हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. तरी ती म्हणायची, "गाडीतच खोट हाय." कुणीतरी तसं म्हणायला हवं होतं, म्हणून ती म्हणायची.

जीप जुनी होती हे कुणी नाकारत नव्हतं. वरची ताडपत्री बदललेली, पत्रा जागोजागी ठोकलेला, आणि स्टेअरिंग असं की वळणावर अंगातली ताकद लावावी लागे. पण डोंगराच्या पायथ्याला ठाकरवाडी आहे, तिथल्या बायकांना करवंदं, जांभळं, रानातली भाजी घेऊन कर्जतच्या बाजारात जायचं तर हीच गाडी. रिक्षावाले तिथवर चढत नाहीत, चढले तर टोपल्या घेत नाहीत. रोहिदास टोपल्या घ्यायचा, टोपल्यांच्या मालकिणी घ्यायचा, आणि एखादी मागं राहिली तर हॉर्न वाजवत तिची वाटही बघायचा. वाडीत कुणाला रात्रीबेरात्री कळा लागल्या, कुणाला साप चावला, तर माणूस आधी रोहिदासच्या दारात यायचा आणि मग देवाचं नाव घ्यायचा. या गोष्टीचा सुनंदाला भारी अभिमान होता. पुढं त्याच्या शेजारी बसून बाजाराला जाताना तोंडावर मात्र ती त्याला म्हणायची, "बायकोसाठी कधी हॉर्न वाजवत थांबला नाय तुमी."

हिवाळ्यापासून जीप मधून मधून डावीकडे जायला लागली होती, पण कुणी मनावर घेतलं नव्हतं. मग ते ओढ्यावरच्या मोरीजवळचं झालं. वाडीकडून उतरताना मोरीच्या आधी एक उतार आहे. त्या सकाळी भरलेली जीप उतारावर होती, रोहिदासनं ब्रेक मारला, आणि जीप त्याचं काही न ऐकता डावीकडे गेली. पुढचं चाक रस्ता सोडून सुक्या शेतात उतरलं. कुणाला फार लागलं नाही. एकीचं कोपर खरचटलं, आणि गोदूबाईची करवंदांची टोपली अशी सांडली की शेतात काळा सडा पडला. गोदूबाई म्हणजे वाडीतली सगळ्यांत थोराड आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाची म्हातारी. तिनं रस्त्याला शिव्या घातल्या, मोरी बांधणाऱ्याला घातल्या, रोहिदासला एक शब्द बोलली नाही. तो मात्र कितीतरी वेळ दोन्ही हात चाकावर ठेवून तसाच बसून राहिला.

त्यानंतर कर्जतच्या दोन गॅरेजांत जीप जाऊन आली. एकानं स्टेअरिंगचे सांधे बदलले. दुसऱ्यानं पुढचे टायर, पुढचे शॉकॲब्सॉर्बर बदलले, यंत्रावर चाकं सरळ करून दिली. दोन्ही वेळा गॅरेजवाल्यानं स्वतः चालवून बघितली तर जीप सुतासारखी सरळ. दोन्ही वेळा रोहिदासनं वाडीच्या बायका भरल्या आणि उतारावर जीप पुन्हा डावीकडे. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं शेवटी देवेशला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "गाडीत काय नाय. बाबांचं वय बघ जरा."

एवढं एक वाक्य पुरलं. देवेश साजगावच्या एका कारखान्यात कामगारांची बस चालवायचा. त्यानं तिथं शब्द टाकला आणि बापासाठी गेटवर बसायची नोकरी बघून आला. पहिल्या तारखेपासून. खुर्ची, पंखा, डोक्यावर पत्रा. मुलगा वाईट नव्हता, उलट बापाच्या काळजीनं त्याची झोप उडाली होती. रोहिदास ऐकून घेऊन नुसतं "बरं" म्हणाला, आणि त्या "बरं"लाच सुनंदा घाबरली. हा माणूस वाद न घालता कधी कशाला हो म्हणालेला नव्हता. ज्याचं नाव घेऊन वाडी जागी व्हायची तो खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांना फाटक उघडणार होता, आणि तेही आपला हात खोटा ठरला म्हणून.

सुनंदाचं माहेर खालापूरचं. तिथं जुन्या रस्त्याला पदू मिस्त्रीचं दुकान होतं. पदूची ख्याती दोन गोष्टींसाठी होती, हातासाठी आणि तोंडासाठी. त्याच्याकडं गेलेली गाडी बरी व्हायची आणि गाडीवाला आजारी पडायचा, असं तिचा भाऊ म्हणायचा. सुनंदानं नवऱ्याला सांगितलं, "गेटवर बसायचं ते बसा खुशाल. पण आधी एकदा खालापूर करू."

रोहिदासनं मग तेच केलं जे आमच्याकडं नदीकाठचा प्रत्येक गाडीवाला गॅरेजला जाताना करतो. पहाटे जीप नदीवर नेली आणि बैल धुवावा तशी धुतली. काथ्यानं खालचा चिखल खरवडला, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे घासले, चाकांना तेलाचा हात दिला, वर झेंडूची माळ घातली. मिस्त्रीसमोर घाणेरडी गाडी न्यायची म्हणजे लाज. आधीच्या दोन्ही गॅरेजांतही त्यानं ती अशीच सजवून नेली होती.

पदू मिस्त्री दुकानासमोर खुर्ची टाकून बसला होता. पोट सुटलेला, बनियनवर, मांडीवर पेरूची पिशवी. जीप बघताच त्यानं खाता पेरू खाली ठेवला.

"ही कोण नवरी आणलीस?" तो म्हणाला. "हळद लावायची ऱ्हायली का?"

रोहिदास सांगायला लागला, "मिस्त्री, डावीकडं ओढते, मला वाटतं स्टेअरिंगमधे..."

"मी विचारलं का तुला? रोग तूच सांगणार, औषध तूच सांगणार, मग मी हितं बसून काय तुझी आरती ओवाळू?" आणि तो सुनंदाकडं वळला. "वयनी, तुमी कुठं बसता गाडीत?"

"पुढं. यांच्या डाव्या अंगाला."

"मग तुमी बोला. चालवणारा गाडीशी झगडत असतो, त्याला काय कळतंय? बाजूला बसलेल्याला सगळं कळतं."

इतक्या महिन्यांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. देवेशनं नाही, दोन्ही गॅरेजवाल्यांनी नाही, आणि खरं तर तिनं स्वतःलाही नाही. मग ती बोलायला लागली आणि बोलता बोलता तिलाच नवल वाटत गेलं की आपल्याला एवढं माहीत होतं. रिकामी असली की ओढत नाही. भरलेली असली, उतार असला आणि ब्रेक मारला की ओढते. पुढं चढ लागला, गाडीला जोर दिला, की आपोआप जरा सरळ होते. आणि ओढायच्या आधी मागून "टक्" असा आवाज येतो. "मला वाटायचं गोदूबाईची टोपली आपटते."

"गोदूबाई कुठं बसते?"

"मागं. उजव्या कडेला. रोज तिथंच. दुसरी बसली तर उठवते."

पदू मान हलवत राहिला. मग उठला, पण जीपकडं गेलाच नाही. सरळ रोहिदासच्या मागं जाऊन उभा राहिला आणि त्याचे दोन्ही खांदे चाचपायला लागला. डावा दाबला, रोहिदास गप्प. उजवा दाबला, तसा रोहिदास "आई गं" म्हणून खालीच बसला.

"कधीपासून?"

"असंल पाच-सहा महिने," रोहिदास पुटपुटला. रोज संध्याकाळी त्या खांद्याला तेल सुनंदाच चोळायची. वय झालं, म्हणून चोळायची.

"हात डावीकडं जातो म्हणतात ना तुझा? मग हा खांदा दगड का झाला?" पदू म्हणाला. "हा माणूस गाडी उजवीकडं ओढून धरतोय, वयनी. रोज. ओढून ओढून हाताला कापरं भरलं असंल."

सुनंदाला चहाची बशी आठवली आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. जीपला हात न लावता या माणसानं जीप कुठं ओढते ते सांगितलं होतं. तिनं आयुष्यात वैद्य बघितले, भगत बघितले, पण असा माणूस बघितला नव्हता. तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या पोटावर सांडलेलं मीठ-तिखट बघून हसूही आलं.

रोहिदासला मात्र पटलं नाही. "मिस्त्री, तुमी मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

"मी? बरं वाटावं म्हणून?" पदूला हा घोर अपमान वाटला. "आमच्या आईला इचार, मी जन्मात कुणाला बरं वाटंल असं बोललो काय ते." एवढं बोलून तो जीपखाली शिरला आणि शिरला तसाच शिव्या देत बाहेर आला. "धुतली! खालून पण धुतली! अरं, धुळीत सगळं दिसतं. जो सांधा हलतो तिथली धूळ झडते, लोखंड उघडं पडतं. तू तर सगळाच पुरावा नदीत सोडून आलास. आणि रिकामी आणलीस. जी भरल्यावर आजारी पडते तिला रिकामी घेऊन डॉक्टरकडं आलास तू."

त्यानं हुकूम सोडला. आठवडाभर धुळीत चालवायची, पाण्याचा थेंब लावायचा नाही, आणि येताना भरून आणायची. जे रोज जिथं बसतं ते तिथंच बसवून.

आठवडाभर रोहिदासनं बांधावरच्या वाटेनं शेणखत वाहिलं. माणसं घ्यायला तो तयार नव्हता. खालापूरला जायच्या दिवशी बायकांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या भरायच्या असं त्यानं ठरवलं, आणि सुनंदा रिकाम्या गोण्या मागायला वाडीत गेली. तिथं चुकून तिच्या तोंडून कारण निघून गेलं. गोदूबाईनं कमरेवर हात ठेवले.

"गोणी? माझ्या जागी गोणी बसवणार रोहिदास?"

"त्यांना भीती वाटते गं मावशी, परत काय झालं तर..."

"आमाला नाय वाटत का? चालत जाऊन पाय मोडले आमचे. उद्या आमी येतो."

आणि दुसऱ्या दिवशी आल्या. गोदूबाई, चिंधी, जना, आणखी चौघी, सगळ्या आपापल्या टोपल्यांसकट. ऐन करवंदांचे दिवस होते. एक दिवस बाजार चुकला तर फळ मऊ पडतं, पाणी सुटतं, टाकून द्यावं लागतं. ते सगळं सोडून त्या वजन व्हायला आल्या होत्या. रोहिदास नको नको म्हणत उभा राहिला आणि त्या एकेक करून चढून बसल्या. गोदूबाई आपल्या उजव्या कडेला, मांडीवर टोपली.

देवेशची त्या दिवशी सुट्टी होती. तो संतापलाच. "आई, तुमाला सगळ्यांना मरायचं हाय का? बाबांनी चालवायची नाय. मी आणतो." त्यानं चावी घेतली. रोहिदासनं निमूट दिली आणि मधल्या जागेवर सरकून बसला. सुनंदा त्याच्या डाव्या हाताला बसली.

मोरीच्या आधीचा उतार लागला. देवेश हुशार ड्रायव्हर, त्यानं आधीच वेग कमी केला आणि हलकेच ब्रेकवर पाय दिला. मागून "टक्" झालं. त्याबरोबर जीपनं डावीकडे अशी मुसंडी मारली की देवेशच्या तोंडून आवाज फुटला. त्यानं चाक उजवीकडे फिरवलं, चाक ऐकेना. रस्त्याची कड सुनंदाच्या पायाखाली आली. तेवढ्यात मधून रोहिदासचा हात गेला, चाकाला खालून धरून त्यानं ते वर, उजवीकडे रेटलं आणि शांतपणे म्हणाला, "ब्रेक सोड. थोडी रेस दे. आता ये इकडं." हे तो मुलाला म्हणाला की जीपला, कळलं नाही. जीप मात्र रस्त्यावर आली.

पुढं सपाटीला देवेशनं गाडी थांबवली. खाली उतरला आणि आपल्या तळव्यांकडं बघत उभा राहिला.

"बाबा, तुमी ही रोज अशी आणायचात?"

"भरलेली असली की."

"एवढ्या माणसांना घेऊन?"

रोहिदास ड्रायव्हरच्या जागेवर सरकला. देवेशनं चावी जीपलाच ठेवली, मागं गेला आणि बायकांच्या मधे अंग चोरून बसला. गोदूबाईनं त्याच्या हातावर मूठभर करवंदं ठेवली. सुनंदा काचेबाहेर बघत राहिली, कारण तिचे डोळे भरून आले होते. सहा महिने तिचा नवरा एका खांद्यावर ही सगळी जीप, या सगळ्या बायका रस्त्यावर धरून होता आणि स्वतःला नालायक समजत होता. आणि आपण तेल चोळून वय झालं म्हणत होतो.

तिथून खालापूरपर्यंत रोहिदासनं गाडी आणली, ब्रेकला जमेल तितका पाय न लावता, पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे सावकाश. पण चेहरा उजळला नव्हता. "गाडीत खोट हाय ते दिसलं," तो सुनंदाला हळूच म्हणाला. "पण हातात नाय असं कुठं ठरलं? दोन्ही असंल."

पदूनं भरलेली, धुळीनं माखलेली जीप बघितली आणि त्याला पहिल्यांदा आनंद झाला. "कुणी उतरायचं नाय!" तो ओरडला. दुकानासमोरचा रस्ता दुपारचा मोकळा होता. पदूनं ड्रममधून बादल्या भरून रस्त्यावर आडवं पाणी ओतलं आणि रोहिदासला सांगितलं, त्या बाजूनं ये, पाण्याच्या आधी ब्रेक मार, मग पाण्यातून सरळ पुढं काढ. रोहिदासनं तसं केलं. जीप डावीकडे ओढली, त्यानं ती धरली, आणि ओल्या चाकांचे पट्टे कोरड्या डांबरावर उमटवत ती पुढं गेली.

"वयनी, या हिकडं," पदूनं हाक मारली. "काय दिसतं?"

सुनंदा वाकली. सरळ जाणाऱ्या गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या पावलावर पाऊल टाकून जातात, एवढं तिला ठाऊक होतं. इथं तसं नव्हतं. पुढच्या चाकांचे दोन पट्टे, आणि त्यांच्या उजवीकडे चार बोटं सरकून मागच्या चाकांचे दोन वेगळेच पट्टे.

"तोंड एकीकडं आणि ढुंगण एकीकडं," ती म्हणून गेली आणि तिनं जीभ चावली.

"बराबर! ओढ्यातली चिंबोरी तिरकी चालते तशी चालते तुमची जीप." पदू इतका खूश झाला की त्यानं तिला पेरू दिला. "ओढते पुढं, म्हणून सगळे पुढंच खोलत बसले. आजार मागं हाय."

मग तो जीपखाली गेला आणि या वेळी शिव्या न देता त्यानं देवेशला खाली बोलावलं, रोहिदासला बोलावलं, आणि सुनंदा न बोलावताच पदर खोचून गुडघ्यावर बसली. खाली सगळीकडं आठवड्याची धूळ आणि शेणखत चिकटलं होतं. फक्त उजव्या मागच्या चाकापाशी, जिथं लोखंडाचे पाटे एकावर एक रचून चाकांच्या आडव्या दांड्याला बांधलेले असतात, तिथं बोटभर पट्टा चकाकत होता. घासून घासून रुप्यासारखा झालेला. त्याच्या बरोबर वर गोदूबाई बसली होती.

"या पाट्यांच्या मधनं एक बोल्ट जातो," पदू म्हणाला. "दांड्याला जागेवर ठेवतो तो. तुटलाय. रिकामी असली की वरच्या आवळणीनं दांडा धरून ऱ्हातो. माणसं बसली, उतारावर ब्रेक मारला, की दांडा उजवीकडनं मागं सरकतो आणि गाडी डावीकडं तोंड फिरवते. चढावर रेस दिली की परत पुढं येतो." मग त्यानं मान बाहेर काढून आवाज दिला, "उतरा गं आता सगळ्या!"

काम चालू झालं तशा बायकांनी टोपल्या उचलल्या आणि टोलनाक्याकडच्या रस्त्याला जाऊन बसल्या. मुंबई-पुण्याच्या गाड्या थांबत होत्या, पोरंबाळं करवंदांसाठी हट्ट करत होती. कर्जतच्या बाजारात जे दिवसभर बसून खपायचं ते इथं बघता बघता संपलं. गोदूबाई परत येऊन म्हणाली, "मोडत जा रं रोहिदासा, मधनं मधनं."

पदूनं पाटे खोलले तेव्हा तो बोल्ट दोन तुकडे होऊन त्याच्या तळहातावर पडला. नवा बसवला, दांडा मापानं जागेवर आणला, सगळं आवळलं. मग त्यानं पुन्हा सगळ्यांना होते तिथं बसवलं, स्वतः मागच्या पायरीवर उभा राहून छताचा दांडा धरला आणि म्हणाला, "चल, काढ."

रोहिदासनं जीप रस्त्यावर घेतली. समोर सरळ, मोकळा रस्ता. सुनंदा श्वास रोखून बसली होती. जीप थोडी पुढं गेली, आणि हळूहळू, सगळ्यांच्या देखत, उजवीकडे जायला लागली. रोहिदासनं घाबरून सावरली. पुन्हा उजवीकडे. त्यानं गाडी कडेला थांबवली.

"बघितलंस?" तो सुनंदाला म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "आता गाडी बरी झाली. आता खोट कुणात हाय?" आणि त्यानं चावी काढून देवेशकडं मागं धरली.

सुनंदाला रडू फुटायचंच बाकी होतं. इतकं सगळं करून शेवटी गाव जिंकलं आणि ती हरली, असं तिला वाटलं. देवेशनं चावी घेतली नाही. त्याला काय करावं ते कळत नव्हतं. तेवढ्यात पायरीवरून उतरून पदू खिडकीशी आला आणि कुणी मेल्यासारखे सगळ्यांचे चेहरे बघून चिडला.

"काय झालं? अरं, सहा महिने ती डावीकडं ओढत होती आणि तू उजवीकडं. तिनं ओढायचं सोडलं. तू कुठं सोडलंस? अजून जोर लावतोयस, वेड्या, समोर कुणी नाय तरी." त्यानं हात घालून चावी परत लावली. "आता गाडी चालू कर, सरळ रस्त्याला लाव, आणि हात काढ."

"हात काढू?"

"काढ म्हणतो ना. दोन्ही."

रोहिदासनं सुनंदाकडं बघितलं. तिनं मान डोलावली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. जीप निघाली, दुसऱ्या गिअरमधे सावकाश, बायकांनी, टोपल्यांनी आणि पायरीवरच्या पदूनं भरलेली. रस्ता सरळ झाला तसे रोहिदासनं आधी एक बोट, मग एक हात, मग दोन्ही हात चाकावरून उचलले आणि छातीशी धरले. जीप सरळ चालली. ना डावीकडे, ना उजवीकडे. पदू मागून ओरडला, "मार ब्रेक!" रोहिदासनं मारला. जीप रेघ न सोडता थांबायला आली, पुन्हा सुटली, पुन्हा सरळ.

सुनंदानं आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट पाहिली नव्हती. कुणाचाही हात न लागता सरळ चाललेली ती म्हातारी जीप, आणि तिच्या नवऱ्याचे ते रिकामे, हवेत धरलेले हात. ते थरथरत होते, पण आता तिला त्यांची भीती वाटली नाही. ते दमले होते, एवढंच. रोहिदासच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे असूनही त्याला सुचत नव्हतं.

"बाबा," देवेश मागून म्हणाला, "गेटवर दुसरा माणूस बघायला सांगतो मी त्यांना."

रोहिदासचे हात अजून वरच होते. शेवटी गोदूबाईला राहवलं नाही.

"आता हात ठेव रं चाकावर," ती म्हणाली. "आमाला घरी जायचंय."